शेवटचं दिसलं : ७ वाजून ५२ मिनिटं

बसमधून उतरून दहा पावलं चालले असेन, हात सवयीने पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात गेला. फोन नव्हता, आणि कप्प्याची चेन उघडी होती. ती मीच उघडी ठेवली होती की कुणी उघडली, हे मला आजही सांगता येत नाही. पुढचे चार महिने हाच प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या सुरांत विचारला.

आधी सगळे करतात तेच मीही केलं. पर्स तीनदा पालथी घातली. फोन मावणं शक्यच नाही अशा चिल्लरच्या खणातसुद्धा बोटं घालून पाहिलं. तोवर बस दिसेनाशी झाली होती. शेजारून चाललेल्या एका मुलीला थांबवलं आणि तिच्या फोनवरून माझा नंबर लावला. बरं की स्वतःचा नंबर तरी पाठ होता, घरातल्या दुसऱ्या कुणाचाही नाही. रिंग गेली. सहा-सात वेळा वाजून थांबली. पुन्हा लावला. या वेळी दोनदाच वाजली आणि कट झाली.

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. सीटच्या फटीत पडलेला फोन आपणहून कॉल कापत नाही. म्हणजे ६ वाजून ४५ मिनिटांनी माझ्या फोनवर कुणाचं तरी बोट होतं. हे मी वेळेसकट लक्षात ठेवलं, तेवढंच काय ते त्या संध्याकाळी माझ्या हातून शहाणपणाचं घडलं.

घरी भाचा होता. त्याने पहिलं वाक्य टाकलं, "मावशी, घाबरू नकोस, मॅपवर दिसेल." आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला. अँड्रॉइडच्या फोनसाठी गूगलची सोय आहे. आधी ती 'फाइंड माय डिव्हाइस' नावाने ओळखली जायची, २०२५पासून तिला 'फाइंड हब' म्हणतात. कुठल्याही ब्राउझरमधून आपल्या खात्यात शिरायचं की झालं. शिरायचं कसं, तिथेच माझी गाडी अडली.

पासवर्ड मला आठवत नव्हता. आठवायची कधी वेळच आली नव्हती. तो फोनमध्ये सेव्ह केलेला होता. दोन-तीन अंदाज मारून झाले, चौथा बरोबर लागला. म्हटलं सुटलो. तर पडद्यावर सूचना : तुमच्या फोनवर एक संदेश पाठवला आहे, तिथे 'होय' दाबा.

म्हणजे चोराने 'होय' दाबायचं आणि मी आत जायचं.

दुसरा पर्याय निवडला, तर कोड एसएमएसने पाठवतो म्हणाला. तो कोणत्या नंबरवर, हे सांगायला नकोच. गूगल अशा वेळेसाठी आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं. ते मी कधीतरी काढूनही ठेवले होते. स्क्रीनशॉट. फोनच्या गॅलरीत.

भाचा हसला नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. त्याने विचारलं, "हेच खातं अजून कुठे उघडं आहे का? जुना फोन, टॅब, काहीही?" तेव्हा लेकीचा जुना टॅब आठवला. त्यावर मी व्हिडिओ बघण्यापुरतं माझंच खातं घातलं होतं. तो कपाटात, कपड्यांच्या खाली, ठार मेलेला. चार्जरला लावला, तर पंधरा मिनिटं नुसता बॅटरीचा रिकामा सांगाडा दाखवत बसला. ती पंधरा मिनिटं मी त्या सांगाड्याकडे बघण्यात घालवली. टॅब सुरू झाला, वायफायला जोडला गेला आणि तोच प्रश्न त्याच्यावरही उमटला : साइन इन करणारे तुम्हीच का? 'होय' दाबलं. लॅपटॉपवर नकाशा उघडला. घड्याळात ७ वाजून ३५ मिनिटं झाली होती. फोन गेल्याला जवळपास तास.

आणि ठिपका दिसला. जिवंत. शेजारी लिहिलेलं : बॅटरी ४१ टक्के, सिम कंपनीचं नाव, 'आत्ताच पाहिलं'. माझ्या बसच्या मार्गापासून बराच आत, दाट वस्तीत. आपली वस्तू परक्या गल्लीत श्वास घेते आहे असं काहीतरी वाटलं मला तेव्हा. ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ होतं. त्याच्याकडे मी लक्षच दिलं नाही, कारण नजर ठिपक्यावरच खिळते. खरं तर पाहायचं असतं ते वर्तुळ. ठिपका हा अंदाज आणि वर्तुळ ही त्या अंदाजाची कबुली. उघड्या आभाळाखाली जीपीएस पाच-सात मीटरांपर्यंत नेऊन सोडतं. घरात, इमारतींच्या गर्दीत उपग्रह नीट दिसत नाहीत, मग फोन आसपासच्या वायफायवरून जागा ठरवतो. तेही नसेल तर मोबाइलच्या टॉवरवरून, आणि तिथे चूक शेकडो मीटरांपासून काही किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मजला कितवा, हे तर त्यातून कळतच नाही.

इथे आम्ही घोळ घातला.

नकाशाखाली तीन बटणं होती. एक फोन वाजवायचं, दुसरं तो लॉक करून पडद्यावर निरोप लिहायचं, तिसरं सगळं पुसून टाकायचं. भाच्याचा हात लॉककडे चालला होता. मी म्हटलं, "आधी वाजव, कुणीतरी ऐकेल." वाजवलं. हे बटण फोन सायलेंटवर असला तरी पूर्ण आवाजात पाच मिनिटं वाजवतं. सोफ्याच्या गादीखाली गेलेल्या फोनसाठी यासारखा उपाय नाही. पण ज्याच्या खिशात तो चोरून ठेवलेला आहे, त्याच्यासाठी ती सरळ दवंडीच, मालक शोधतोय म्हणून. पुढच्या वेळी ठिपका ताजा झाला तेव्हा तो दीड किलोमीटर पुढे सरकला होता. मग लॉक केला, निरोप लिहिला, 'हा फोन हरवला आहे, कृपया या नंबरवर कळवा', आणि खाली भाच्याचा नंबर दिला. पुन्हा ताजं केलं. ठिपका राखाडी झाला होता. शेवटचं दिसलं : ७ वाजून ५२ मिनिटं.

त्यानंतर तो ठिपका कधीच हिरवा झाला नाही. मी मात्र पुढचे कित्येक दिवस रात्री झोपण्याआधी तो उघडून बघत असे.

भाच्याकडे आयफोन आहे. "आमच्यात बंद केला तरी काही तास दिसतो," हे त्याने त्या रात्री सांगायलाच हवं होतं का? पण ते खरं आहे. २०२१च्या आयओएस १५पासून बऱ्याच आयफोनमध्ये फोन बंद असला तरी ब्लूटूथवरून बारीकसा संकेत जात राहतो आणि आसपासची ॲपलची उपकरणं तो टिपतात. अँड्रॉइडनेही २०२४मध्ये असंच जाळं सुरू केलं, इंटरनेट नसलेल्या फोनचा माग आजूबाजूच्या अँड्रॉइड फोनांवरून काढायचं. पण पूर्ण बंद केलेला फोन त्यात मोजक्याच मॉडेलांचा सापडतो, आणि माझा त्यातला नव्हता. शिवाय ती सोय मुळात 'फक्त वर्दळीच्या ठिकाणी' अशी बसवलेली येते. ती सगळीकडे चालावी असं वाटत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं. मी त्या सेटिंगमध्ये आयुष्यात गेले नव्हते.

दरम्यान घरात दुसरंच भांडण चाललं होतं. सिम बंद करायचं की नाही? मला पहिल्या मिनिटापासून बँकेची धास्ती होती. पडद्याला पिन होता, पण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे यायला लागणार. इतकं कशाला, माझ्या लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसायचा, ओटीपी वाचायला पिनसुद्धा लागला नसता. भाचा म्हणत होता, "सिम बंद केलंस की फोनचं इंटरनेट गेलं, मग ठिपका कुठून येणार?" दोघांचंही खरं होतं. आता विचार करते तर वाटतं, भांडणाची गरजच नव्हती. बँकेला सिमशिवायही कळवता येतं. कुणाच्याही फोनवरून हेल्पलाइन लावायची, कार्ड आणि मोबाइल बँकिंग थांबवायचं, पैसे पाठवायचं ॲप बंद करायला सांगायचं. पैसे सुरक्षित झाले की सिमला थोडा वेळ जगू देता येतं. आम्ही हे सगळं केलं ठिपका मेल्यावर, म्हणजे आठनंतर. सुदैवाने खात्यातून काही गेलं नाही. ते सुदैवच, आमची हुशारी नव्हे.

सिम बंद करताना कस्टमर केअरच्या बाईंनी ओळख पटवायला विचारलं, शेवटचे लावलेले नंबर सांगा. फोनमध्ये आहेत, असं मी म्हणाले आणि पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग जन्मतारीख, पत्ता वगैरेवर निभावलं. सिमला स्वतःचा वेगळा पिन लावता येतो हे मला त्यानंतर कळलं. तो लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी तो पिन मागतं. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि मग ते सोडवायला आठ आकडी पीयूके कोड लागतो. आता माझ्या सिमला तो आहे. पहिल्याच आठवड्यात मी स्वतः दोनदा चुकवला, ते सोडा.

त्याच रात्री भाच्याने 'सगळं पुसा'वरही बोट ठेवलं. मी त्याचा हात धरला. त्यात माझे फोटो होते. १५ जीबीची फुकट जागा भरली म्हणून बॅकअप पाच महिने बंद पडला होता. रोज सूचना यायची, रोज मी ती बाजूला सारायची. पुसलं की फोनचा ठावठिकाणाही त्यानंतर दिसत नाही. एक दिवस थांबू म्हटलं. दुसऱ्या रात्री मीच बटण दाबलं. फोन बंद असल्याने तो हुकूम वाट बघत राहिला : फोन ऑनलाइन आला की पुसला जाईल. मग पासवर्डही बदलला. भाच्याने सांगितला, मी वहीत लिहिला, कागदावर, पेनाने.

सकाळी पोलीस चौकीत गेले. हवालदारांचा पहिला प्रश्न, "चोरीला गेला की हरवला?" मी चेनची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मॅडम, चेन उघडी होती म्हणता, उघडताना कुणाला पाहिलंत का?" नव्हतं पाहिलं. मग मी कापलेल्या कॉलबद्दल सांगितलं, ६ वाजून ४५. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं. ठिपक्याची छापलेली प्रत मी अभिमानाने पुढे केली. त्यांनी वर्तुळावर बोट फिरवलं. "यात दोन-तीनशे घरं बसतात. सांगा, कोणाची कडी वाजवू?"

मी गप्प. रात्रभर माझ्या डोक्यात आपणच तिथे जाऊन उभं राहायचं चाललं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी न विचारताच बजावलं, "आणि तुम्ही स्वतः जाऊ नका हां."

त्यांना हवा होता आयएमईआय नंबर. हा फोनचा स्वतःचा पंधरा आकडी क्रमांक, सिम बदललं तरी तोच राहणारा. फोन हातात असेल तर *#०६# दाबलं की दिसतो. माझा हातात नव्हता म्हणून तर मी तिथे होते. खोका घरी माळ्यावर सापडला, त्याच्या स्टिकरवर दोन नंबर होते, कारण दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. बिलावरही असतो, आणि फाइंड हबमध्ये फोनच्या माहितीतही दिसतो, हे नंतर लक्षात आलं. दोन्ही नंबर तक्रारीच्या ऑनलाइन अर्जात भरायचे होते. पहिला गेला. दुसरा भरला की अर्ज म्हणे, 'क्रमांक अवैध'. चारदा भरला, चारदा अवैध. खोका खिडकीशी नेला, चष्मा पुसला. मी ज्याला ३ समजत होते तो ८ होता, स्टिकर तिथे घासला गेला होता.

मग मला प्रश्न पडला, अर्जाला कसं कळलं? माझा फोन त्याच्या ओळखीचा थोडाच होता. भाच्याने समजावलं. पहिले आठ आकडे फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या नगाचा अनुक्रमांक, आणि पंधरावा आकडा आधीच्या चौदांवरून एका ठरलेल्या हिशोबाने काढलेला असतो. एकच आकडा चुकला तरी हिशोब जुळत नाही. क्रेडिट कार्डाच्या नंबरातही हीच युक्ती असते. चार महिन्यांच्या या सगळ्या प्रकरणात मला निव्वळ आनंद देणारी गोष्ट ही एकच.

इंटरनेटवर 'आयएमईआय टाका, फोन कुठे आहे ते बघा' अशा जागा ढिगाने सापडतात. मीही एकीवर नंबर टाकला होता. त्यांनी आधी माझी माहिती मागितली, मग पैसे. कुणाच्या फोनमध्ये कोणतं सिम चालू आहे आणि तो कोणत्या टॉवरला बोलतो आहे हे मोबाइल कंपनीच्या यंत्रणेला दिसतं, आणि कंपनी ते पोलिसांना सांगते. तुम्हाआम्हाला ते दाखवणारी वेबसाइट नसते. त्या वेबसाइटवाल्याला मी माझा नंबर आणि ईमेल मात्र देऊन बसले.

दोन दिवसांनी त्याच नंबरचं नवं सिम आणि नवा फोन आला. व्हॉट्सॲप त्यावर सुरू केलं की जुन्या फोनवरचं आपोआप बंद होतं. तेवढं एक काम सोपं निघालं.

अकराव्या दिवशी भाच्याच्या फोनवर मेसेज आला : तुमचा हरवलेला फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी खालील लिंकवर जा. मेसेजमध्ये माझ्या फोनचं कंपनीसकट पूर्ण नाव होतं. मी स्वयंपाकघरातून धावत आले. लिंक उघडली तर हुबेहूब गूगलसारखं पान, तोच लोगो, खाली ईमेलचा चौकोन. मी ईमेल भरला. पासवर्डच्या चौकोनात वही बघून पहिली तीन अक्षरं घातलीसुद्धा. त्याच्या खाली आणखी एक चौकोन होता : फोनचा पिन.

"मावशी, थांब," भाचा म्हणाला. "फोन कुठे आहे ते तुला दाखवायचं, तर त्यांना तुझा पिन कशाला हवा?"

पत्त्याच्या जागी पाहिलं, तर गूगलच्या नावात एक अक्षर जास्त होतं. आणि भाच्याचा नंबर त्यांच्याकडे कुठून आला? माझ्या लॉक स्क्रीनवरून. मदतीसाठी मीच लिहून दिला होता. म्हणजे कुलूप त्यांना उघडता आलं नव्हतं आणि किल्ली ते माझ्याकडेच मागत होते. खात्याशी जोडलेला फोन जबरदस्तीने रिसेट केला तरी तो पुन्हा सुरू होताना जुन्या मालकाचं खातं मागतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५पासून आहे, आयफोनमध्ये २०१३पासून. त्या खात्यावाचून तो फोन सुट्या भागांच्या किमतीचा. मला त्या मेसेजने उलट धीर आला. अकरा दिवस झाले तरी त्यांचं अडलेलं होतं.

मग काहीच नाही. महिना, दोन महिने. मी चौकीत दोनदा गेले, नंतर जाणं सोडलं. माझी समजूत झाली होती की तक्रार म्हणजे नव्या सिमसाठी लागणारा एक कागद.

चौथ्या महिन्यात फोन आला, नव्या फोनवर. तुमचा मोबाइल मिळालाय, ओळखपत्र, बिल आणि तक्रारीची प्रत घेऊन या. मी आधी विश्वास ठेवला नाही, एव्हाना शहाणी झाले होते. चौकीचा नंबर स्वतः शोधून उलट फोन केला. खरं होतं. कुणीतरी त्यात दुसरं सिम घातलं होतं. सिम घालून फोन सुरू केला की तो नेटवर्कला आपला आयएमईआय सांगतोच, आणि मग कागद पुढे सरकले. ज्याच्याकडे मिळाला तो म्हणे जुना म्हणून विकत घेतल्याचं सांगत होता. त्याआधी तो किती हातांतून फिरला हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हवालदार तेच होते. कागदी पाकिटातून त्यांनी फोन काढला. मागचं कव्हर वेगळं, काचेच्या कोपऱ्यात नवा तडा. आयएमईआय खोक्याशी ताडून झाला, ८ सकट. मग ते म्हणाले, "एकदा उघडून दाखवा."

सुरू केला. भाषा विचारली, वायफाय विचारलं, जसा काही आजच कारखान्यातून आला. माझा पुसायचा हुकूम त्याला पोहोचला होता की कुणी हाताने रिसेट केलं, कोण जाणे. मग तो पडदा आला : या फोनवर आधी वापरलेलं खातं घालून खात्री करा. ईमेल घातला. पासवर्ड वहीत होता आणि वही घरी. आठवून घातला. चुकला. हवालदारांनी भुवया उंचावल्या. मग शेवटचं उद्गारचिन्ह आठवलं.

पासवर्ड लागला, आणि माझ्या पर्सच्या आतल्या, चेन लावलेल्या कप्प्यात नवा फोन थरथरला. काढून बघितलं. साइन इन करणारे तुम्हीच का?

'होय' दाबलं. जुना फोन उघडला, आत अर्थातच काही नव्हतं. हवालदारांनी रजिस्टर पुढे सरकवून सहीची जागा दाखवली.